जुना स्नोब्लोअर: दोरी ओढण्याआधी

जुना स्नोब्लोअर, म्हणजे वाटेवरचा बर्फ उडवून साफ करणारं यंत्र, बघायला गेलेला माणूस आधी दोरी ओढतो. इंजिन धडधडलं की त्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो भावाची घासाघीस सुरू करतो. मीही तेच केलं असतं, पण सोबत माझा धाकटा दीर होता. लहान इंजिनं उघडून बसणं हा त्याचा सुट्टीचा उद्योग. निघतानाच त्याने बजावलं, "वहिनी, इंजिन शेवटी बघू. आधी पुढचं लोखंड."

त्याचा हिशेब सरळ होता. इंजिनाची बहुतेक दुखणी थोडक्यात निभावतात. प्लग बदलता येतो, कार्बोरेटर साफ करता येतो, नाहीतर नवा बसवता येतो. पण गिअरबॉक्स फुटला असेल, बर्फ कापणारा ऑगर दांड्यावर गंजून बसला असेल किंवा पुढचा पत्रा सडला असेल, तर दुरुस्तीचा खर्च यंत्राच्याच किमतीला जाऊन भिडतो. आणि नेमक्या याच गोष्टी इंजिन सुरू झाल्यावर लक्षात येत नाहीत, कारण तोवर आपण खूश झालेले असतो.

कुठल्या जातीचा घ्यायचा हे घरीच ठरवलं होतं. सिंगल-स्टेज यंत्रात एकच रबरी पात्यांचा रूळ असतो. तो जमिनीला घासत बर्फ उचलतो आणि तोच बाहेर फेकतो. हलकं, सुटसुटीत, गुळगुळीत फरशीसाठी छान. पण आमच्या वाटेचा अर्धा भाग खडीचा आहे, आणि हे यंत्र खडीवर चालवलं तर बर्फाबरोबर खडेही उडतात. शिवाय रस्ता साफ करणारी गाडी आमच्या फाटकासमोर ओला, दाबून बसलेला ढीग सारून जाते. त्याला टू-स्टेजच हवा: पुढे बर्फ कापून मध्याकडे ढकलणारा लोखंडी ऑगर आणि त्याच्या मागे तो वर उडवणारा पंखा, म्हणजे इम्पेलर. रुंदी 24 इंच पुरे म्हटलं. रुंद घेण्याचा मोह होतो खरा, पण तो शेडच्या दारातून जायला हवा आणि वळवता यायला हवा.

जुनं यंत्र म्हणजे मागासलेलं यंत्र अशी एक शंका मनात होती. तीही फिटली. बर्फ गोळा करून पंख्याने उडवण्याची तऱ्हा क्यूबेकच्या आर्थर सिकारने 1925 मध्ये ट्रकवर बसवून दाखवली. मळणीयंत्र बघून त्याला ती सुचली असं सांगतात. त्या मूळ रचनेत फारसा बदल झालेला नाही. नव्या यंत्रांत दिवा असतो, हात शेकणारे हँडल असतात, वळायला सोपी चाकं असतात. बर्फ मात्र तसाच उडतो. म्हणून वीस वर्षांचा, पण नीट राखलेला स्नोब्लोअर आम्ही वर्ज्य मानला नाही.

फोनवर विचारायचे प्रश्न ठरलेले होते. मॉडेल नंबर काय, शेवटचा कधी चालवला, टाकीत पेट्रोल कधीचं आहे, का विकताय. आणि एक विनंती: आम्ही येईपर्यंत कृपया सुरू करू नका. गरम इंजिन पहिल्या ओढीला सुरू होतं. खरी परीक्षा गारठलेल्या इंजिनाची.

पहिल्या ठिकाणी विनंती मान्य झाली होती. तरी दिराने सायलेन्सरजवळ हात नेला आणि माझ्याकडे बघितलं. धग लागत होती. "शेडमधून बाहेर काढायला जरा चालवला," मालक म्हणाले. असेलही तसं. यंत्र दिसायला देखणं होतं, तोंडाच्या आतून ताजा रंग मारलेला. मला तोच खटकला. ऑगर ज्या पत्र्यात फिरतो तिथला रंग पहिल्या काही हिवाळ्यांतच खरवडून जातो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाहेरून जुना आणि आतून चकचकीत असेल तर रंगाखाली काय आहे ते चाचपून बघावं. खालच्या कडेला बोटाने दाबलं तर पत्रा दबत होता.

मग दिराने शिअर पिना दाखवायला मला वाकवलं. जुन्या यंत्रात मी सगळ्यात आधी बघेन अशी एकच गोष्ट निवडायची झाली तर हीच. ऑगरचे दोन्ही अर्धे भाग मधल्या दांड्याला एकेका मऊ धातूच्या पिनेने जोडलेले असतात. बर्फात दडलेला दगड, वर्तमानपत्राची गुंडाळी किंवा पायपुसणं ऑगरमध्ये अडकलं की ही पिन तुटते. तुटण्यासाठीच ती असते. घरातल्या फ्यूजचं काम ती करते: स्वतः जाते आणि गिअरबॉक्स वाचवते. एखाद्या हिवाळी रात्री पिन तुटते, जवळ दुसरी नसते, आणि मालक डब्यातला हाताला लागेल तो बोल्ट ठोकून देतो. यंत्र चालतं, त्याला वाटतं काम झालं. पुढच्या दगडाला बोल्ट तुटत नाही, गिअर तुटतो.

ओळखायचं कसं? बोल्टच्या डोक्यावर बघायचं. तिथे रेघा असतील किंवा 8.8 असा आकडा असेल तर तो टणक पोलादी बोल्ट आहे, त्या जागेचा नाही. इथे दोन्ही बाजूंना तेच होते. मधल्या गिअरबॉक्सच्या सांध्याला तेलकट, धूळ चिकटलेली ओल होती. ऑगर हाताने मागेपुढे हलवला तेव्हा तो बराच मोकळा हलला आणि आतून ठक ठक आवाज आला. थोडी ढिलाई चालते, एवढी नाही. इंजिनावर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या कंपनीचा कोड होता. त्यातले पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, त्यापुढचे दोन दिवसाचे. यंत्र सांगितलं होतं त्यापेक्षा बऱ्याच आधीचं निघालं. आम्ही आभार मानून निघालो. मालक शेवटपर्यंत दिराशीच बोलत होते. घेणारी मी आहे हे दोनदा सांगूनही.

दुसरं यंत्र एका निवृत्त गृहस्थांचं होतं आणि ते बघताना मला बरंच शिकायला मिळालं. त्यांनी दरवर्षी तेल कधी बदललं ते वहीत टिपून ठेवलं होतं. पिना योग्य होत्या. दिराने त्यांची परवानगी घेऊन किल्ली काढली, स्पार्क प्लगची वायर सोडवली, मग दोन्ही पिना काढल्या आणि ऑगरचा एकेक भाग हाताने फिरवला. दोन्ही दांड्यावर मोकळे फिरले. ही चाचणी कुणी करत नाही, आणि तिच्यावाचून पिना बघण्याला अर्थ नाही. दांड्याला ग्रीस मिळालं नाही तर ऑगरची नळी आतून दांड्यावर गंजून चिकटते. मग पिन तुटली तरी ऑगर सुटत नाही आणि सगळा धक्का गिअरबॉक्सवर जातो. असा बसलेला ऑगर सोडवणं म्हणजे दिवसेंदिवस तेल मुरवत ठेवणं, बर्नरने तापवणं, हातोडा. कधी कधी कापावाच लागतो. ऑगरच्या नळीवर ग्रीस भरायच्या छोट्या निपल असतात. त्यांच्यावर रंगाचा किंवा गंजाचा थर असेल तर तिथे ग्रीसगन वर्षानुवर्षं लागलेली नाही असं खुशाल समजावं.

इथवर सगळं चांगलं. मग यंत्र चालवून बघितलं. सपाट जमिनीवर ते आपोआप पुढे जात होतं. दिराने हँडल धरून जरासं मागे ओढलं तर चाकं थांबली आणि इंजिन मात्र मजेत चालू राहिलं. फाटकासमोरचा ढीग आडवा आला असता तर तिथेही हेच झालं असतं.

कारण पोटात होतं. पेट्रोलचा कॉक बंद करून, टाकीच्या झाकणाखाली प्लास्टिक घालून यंत्र पुढच्या तोंडावर उभं केलं आणि खालचं झाकण काढलं. बऱ्याच टू-स्टेज यंत्रांत गिअर असे नसतातच. इंजिन एक धातूची तबकडी फिरवतं आणि तिच्यावर काटकोनात एक रबरी कडेचं चाक टेकतं. या चाकालाच फ्रिक्शन डिस्क म्हणतात. चाक तबकडीच्या मध्याजवळ असेल तर वेग कमी, कडेकडे सरकवलं की जास्त, मध्य ओलांडून पलीकडे नेलं की रिव्हर्स. इतकी साधी युक्ती की मला ती बघून हसूच आलं. पण सगळा भार त्या रबराच्या कडेवर. इथे रबर झिजून धातूची कड उघडी पडली होती आणि तिने तबकडीवर चरे पाडले होते. नुसतं रबर गेलं असतं तर किरकोळ काम होतं. तबकडीही गेल्यावर काम वाढतं. काही यंत्रांना ही रचना नसते, तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह असतो. तिथे वेग अखंड बदलतो का आणि खाली तेल गळलंय का तेवढं बघायचं.

मग इम्पेलर. झाकण काढण्याआधी प्लगची वायर पुन्हा सोडवलेलीच होती. पंख्याचं पातं धरून वर-खाली दाबलं तर तो खडखडला, म्हणजे मागचं बेअरिंग झिजलेलं. पंख्याभोवतीच्या गोल पत्र्यावर एक चकचकीत कडं उमटलं होतं, पातं तिथे घासत असल्याची खूण. इंजिन टेकमसेचं होतं. त्या कंपनीने 2008 मध्ये इंजिनं बनवणं बंद केलं. सुटे भाग अजून मिळतात, पण एवढी कामं एकदम अंगावर घ्यायची आमची तयारी नव्हती. गृहस्थांना आम्ही जे दिसलं ते सगळं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. भाव मात्र कमी केला नाही, आणि तो त्यांचा हक्क होता.

जो घेतला तो बघताना पहिला चेहरा उतरला होता तो माझाच. मालकीणबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं की "सुरू होतो, पण कुरकुरतो." इंजिन हाताला गार. कॉक उघडला, चोक पूर्ण ओढला, प्रायमरचा रबरी फुगा दाबला, थ्रॉटल वर. दोरी ओढताना हाताला चांगला प्रतिकार जाणवला, म्हणजे कॉम्प्रेशन ठीक. काही ओढींत सुरू झालं. चोक आत सारला तसं इंजिन हेलकावे खायला लागलं: वेग वर, खाली, वर, खाली. अर्धा चोक ठेवला की शांत. पूर्ण काढला की पुन्हा तेच.

मी आशा सोडली आणि दिराचे डोळे चमकले. अर्ध्या चोकवरच नीट चालणारं इंजिन बहुतेक वेळा पेट्रोलसाठी तडफडत असतं. टाकीत पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं की त्याचा चिकट थर बनतो आणि कार्बोरेटरची जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचं सुईएवढं छिद्र, अर्धवट बुजते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलही धरतं. आमच्या आधी बघून गेलेली मंडळी याच आवाजाला घाबरून परत फिरली होती, बाईंनीच सांगितलं. म्हणजे आमच्या पथ्यावरच पडलं.

तरी इंजिनाच्या आतली लक्षणं तपासली. तेलाची कांडी काढून वास घेतला. पातळी वाजवीपेक्षा वर असती आणि पेट्रोलचा वास आला असता, तर कार्बोरेटरची फ्लोट-सुई गळून पेट्रोल तेलात उतरतंय असा अर्थ झाला असता आणि असं इंजिन किती दिवस पातळ तेलावर पळालंय कोण जाणे. तेल काळं होतं, पण तेलच होतं. दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नव्हतं. निळा धूर नाही, म्हणजे तेल जळत नाही. प्लग काढला तर सुका आणि काजळलेला होता. चोकवर चालवल्यावर तसा होतोच. विजेवर चालणारा स्टार्टरही होता. वायर लावून बघितली, चालला.

मग पुढचं लोखंड. पिना बरोबर होत्या, ऑगर एका बाजूला मोकळा, दुसऱ्या बाजूला जरा जड पण फिरणारा. गिअरबॉक्स कोरडा. इम्पेलर घट्ट. फ्रिक्शन डिस्कवर रबर शिल्लक. ऑगरचा लिव्हर दाबल्यावर पंखा आणि ऑगरचे दोन्ही भाग फिरले. पंखा फिरतोय आणि ऑगर उभा, असं दिसलं तर पिना तुटल्यात किंवा आतला गिअर खाल्ला गेलाय. लिव्हर सोडल्यावर ऑगर लगेच थांबायला हवा. हे मी दोन-तीनदा करून बघायला लावलं, कारण लिव्हर सोडूनही फिरत राहणारं यंत्र मला फुकटही नको होतं. काही जण तो लिव्हर दोरीने बांधून ठेवतात. हँडलवर तशा खुणा आहेत का तेही बघावं.

खालच्या बाजूला खर्च दिसला. तोंडाच्या तळाला जी बदलता येणारी पट्टी असते, स्क्रेपर बार, ती झिजून बारीक झाली होती. तिच्यामागचा पत्रा शाबूत होता, हे महत्त्वाचं, कारण पट्टी वेळेवर बदलली नाही की तोंडाचाच पत्रा रस्त्यावर घासतो. तोंड जमिनीपासून वर धरणारे दोन्ही बाजूंचे स्किड शू वाकडेतिकडे झिजलेले. बेल्टचं झाकण काढलं तर एका बेल्टला भेगा आणि कडेला सुटलेले धागे. टायरला बारीक तडे, पण हवा टिकून. बर्फ फेकणारी नळी, म्हणजे शूट, दोन्हीकडे पूर्ण वळत होती. तिचं हँडल मात्र सैल.

घासाघीस मी केली. स्क्रेपर, शू, बेल्ट, कार्बोरेटर यांच्या किमती त्या मॉडेलप्रमाणे मी आधीच काढून ठेवल्या होत्या. त्या बाईंपुढे ठेवल्या. यंत्र खराब आहे असं म्हणायची गरजच पडली नाही. बाईंनी यादी वाचली, एका वस्तूवर हरकत घेतली, बाकी मान्य केली. नळीतला कोंडलेला बर्फ काढायची प्लास्टिकची दांडी कुठेय असं विचारलं तर त्या शेडमध्ये जाऊन शोधून आल्या. ती यंत्राबरोबर मागून घ्यावीच. गाडीत चढवण्याआधी टाकी रिकामी केली आणि तो उभाच बांधला. आडवा टाकला असता तर तेल सिलिंडरमध्ये आणि एअर इनटेकमध्ये शिरलं असतं.

घरी आल्यावर दिराने कार्बोरेटर उघडला. जेटमध्ये हिरवट कण होता. साफ केल्यावर चोक पूर्ण काढूनही इंजिन एका सुरात चाललं. तेल 5डब्ल्यू-30 घातलं, थंडीत ते घट्ट होत नाही. दोन्ही बेल्ट बदलले, जड फिरणाऱ्या बाजूला ग्रीस भरत तो भाग फिरवत राहिलो तोवर तोही मोकळा झाला. शिअर पिनांचा जास्तीचा जोड आणि पाना एका पिशवीत घालून हँडलला बांधला. खडीसाठी स्किड शू खाली सरकवून तोंड जमिनीपासून इंचभर वर घेतलं. फरशीच्या भागात त्यामुळे पातळ थर मागे राहतो, तो फावड्याने काढते.

पहिल्या मोठ्या बर्फात फाटकासमोरचा ढीग त्याने कापला. पुढे उबदार दिवशी पडलेल्या ओल्या बर्फाने मात्र शूट तुंबली. इंजिन बंद, किल्ली बाहेर, पंखा थांबेपर्यंत वाट, आणि मग ती प्लास्टिकची दांडी. हात नाही, इंजिन बंद असलं तरी नाही. अडकलेल्या पंख्यात आणि बेल्टमध्ये ताण उरलेला असतो. बर्फाची गाठ सुटली की पातं एक झटका मारतं, आणि बोटं जातात ती त्या एका झटक्याला. घरात जो कुणी यंत्राला हात लावेल त्याला मी हे आधी सांगते, चोक कुठे आहे ते नंतर. तुंबणं टाळायला वेग पूर्ण ठेवायचा, पट्टा अरुंद घ्यायचा आणि ओला बर्फ साचून राहण्याआधीच बाहेर पडायचं.

वसंतात पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवलं, पिना काढून पुन्हा ग्रीस भरलं. तो जड भाग आता दुसऱ्या भागासारखाच फिरतो. शूटचं हँडल अजून सैल आहे. त्याचा प्लास्टिकचा दात झिजलाय असं दीर म्हणतो, भाग मागवलाय.